चुलीवरचे मटण (शिरूर-दौंड परिसर)

चुलीवरचे मटण म्हणजे लाकूड, गोवऱ्या किंवा कोळसा यांच्या विस्तवावर शिजवलेले अथवा भाजलेले बोकडाचे वा मेंढ्याचे मांस होय. हा प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील घरगुती पद्धत, तेथील चुलींचे प्रकार आणि जळणासाठी वापरली जाणारी लाकडे यांचा विचार केला आहे. चुलीवरच्या मटणाची चव धुरामुळे येते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. थेट विस्तवावर भाजलेल्या मांसाच्या बाबतीत ती खरी असली, तरी झाकलेल्या पातेल्यात शिजणाऱ्या रश्शाच्या बाबतीत ती फारशी खरी नाही. हा भेद केवळ खवय्यांच्या कुतूहलाचा नाही. जो धूर चवीसाठी आवश्यक मानला जातो, तोच चुलीपुढे बसणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे बहुतांशी घरातील स्त्रीच्या, फुप्फुसांत जातो.

परिसर

शिरूर हे घोड नदीच्या काठी, पुणे-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावर वसले असून घोडनदी या नावानेही ओळखले जाते. दौंड हे भीमेच्या काठचे रेल्वे जंक्शन आहे. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. नद्या आणि कालवे यांच्या लगत उसाचा हिरवा पट्टा, तर त्यापलीकडे ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती आणि माळराने, असे येथील भूमीचे दोन भाग पडतात. जळणाचेही तसेच दोन भाग पडतात. बागायती गावांत उसाचे पाचट आणि चिपाडे मुबलक, तर जिरायती गावांत बाभूळ, बोर, हिवर आणि तुराट्या.

माळरानावर शेळ्या-मेंढ्या पाळणे हा जुना व्यवसाय आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांत आढळणारी संगमनेरी शेळी आणि धनगर समाजाने जोपासलेली दख्खनी मेंढी यांचा या भागातील आहारात मोठा वाटा आहे. आषाढातील आखाडाची जेवणे, धुळवड, ग्रामदैवताच्या यात्रेचा दुसरा दिवस आणि नवसाची कंदुरी हे मटणाचे ठरलेले प्रसंग होत. शहरातल्याप्रमाणे दर रविवारी मटण आणण्याची प्रथा खेड्यांत तुलनेने अलीकडची आहे.

प्राचीन पुरावे

या परिसरात विस्तवावर मांस शिजवण्याचा इतिहास किती मागे जातो, याचे उत्तर शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे मिळते. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी निगडित आहेत. ही वसाहत साधारणपणे इ. स. पू. १६०० ते इ. स. पू. ७०० या काळात नांदती होती. तेथील अवशेषांत चुली आणि जाळाचे खड्डे सापडले. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, सांबर, चितळ, काळवीट, ससा अशा अनेक प्राण्यांची हाडे मिळाली आणि त्यांपैकी बऱ्याच हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. त्याबरोबर मासे, खेकडे आणि कासव यांचेही अवशेष आढळले.

इ. स. पू. १००० च्या सुमारास पर्जन्यमान घटले आणि येथील लोक शेतीकडून पशुपालन व शिकारीकडे अधिक झुकले, असे प्रतिपादन ढवळीकर यांनी केले आहे. दुष्काळी वर्षी शेत पिकले नाही तरी दारातली शेळी उपयोगी पडते, हे या भागातील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

चुलीचे प्रकार

सर्वांत साधी चूल तीन दगडांची. मेंढपाळांच्या वाड्यावर, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर आणि यात्रेच्या मैदानात तीच दिसते. ती कोठेही मांडता येते आणि भांड्याच्या मापाप्रमाणे दगड सरकवता येतात, हा तिचा गुण. वारा सर्व बाजूंनी लागत असल्यामुळे बरीचशी उष्णता वाया जाते, हा तिचा दोष.

घरातील चूल मातीची. चिकणमातीत भुसा किंवा तूस आणि शेण कालवून ती घालतात, सावलीत वाळवतात आणि नंतर शेणा-मातीने सारवत राहतात. तिच्या मागच्या अंगाला जोडून दुसरे तोंड असते, त्याला वैल किंवा औल म्हणतात. मुख्य चुलीतील ज्वाळा आणि तप्त हवा आतल्या भोकावाटे वैलाकडे जाते. तेथे जाळ मंद असल्याने भात मुरवणे, दूध तापत ठेवणे किंवा शिजलेले कालवण ऊन राखणे ही कामे होतात. मटणाच्या दृष्टीने वैल फार उपयुक्त ठरते. पुढे भाकरी होत असताना मागे रस्सा संथपणे आटत राहतो.

लोखंडी शेगडी कोळशावर चालते. धूर कमी आणि उष्णता स्थिर असल्यामुळे ती थेट भाजण्यास योग्य असते. मात्र कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंग आणि गंध नसल्याने जाणवत नाही. त्यामुळे बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणे जीवघेणे ठरू शकते.

मोठ्या जेवणावळींसाठी जमिनीत लांब चर खणतात, त्यात ओंडके पेटवतात आणि चरावर ओळीने पातेली चढवतात. हे काम बहुधा पुरुषांचे. घरात मटण शिजवणारी बाई आणि यात्रेत मटण शिजवणारा आचारी ही कामाची विभागणी अजूनही टिकून आहे. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवरही मोठी चुलवणे असतात. त्यांत उसाची वाळलेली चिपाडे जाळतात. गुऱ्हाळ थांबल्यावर चुलवणातील गरम राखेत रताळी भाजण्याचा आनंद अनेकांनी घेतलेला असतो.

एक सामाजिक बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून जाते आणि यवत व वरवंड येथे तिचा मुक्काम असतो. या पट्ट्यात माळकरी कुटुंबे पुष्कळ आहेत. एकाच घरात सासू माळकरी आणि मुले मांसाहारी, असे चित्र नवे नाही. अशा घरांत स्वयंपाकघरातील चुलीवर मटण चढत नाही. त्यासाठी अंगणात किंवा गोठ्याच्या कडेला वेगळी चूल असते आणि भांडीही वेगळी. घरात गॅस आल्यानंतर स्वयंपाकघरातील चूल गेली, परंतु अंगणातील ही दुसरी चूल आंघोळीचे पाणी आणि मटण या दोन कारणांसाठी टिकून राहिली.

जळण

बाभूळ हे या भागातील प्रमुख आणि सर्वमान्य जळण. तिचे लाकूड जड आणि घट्ट असून एक किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे ४,८०० ते ४,९५० किलोकॅलरी उष्णता मिळते. तिचा खरा गुण आकड्यात नाही, तर निखाऱ्यात आहे. बाभळीचा निखारा लवकर ढासळत नाही. तासभर हलके आधण राखण्यासाठी वारंवार लाकूड सारावे लागत नाही. पूर्वी कुळव, वखर आणि गाडीची चाके बाभळीचीच होत, त्यामुळे सुताराच्या नेटावरील ढलप्यांनाही घरोघरी मागणी असे.

वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. आज ती नदीकाठ, ओढे आणि पडीक जमिनी व्यापून आहे. गवताळ माळरानाची ती शत्रू असली, तरी जळण म्हणून उत्तम आहे. टेक्सासमध्ये मांस भाजण्यासाठी नावाजलेले मेस्किटचे लाकूड हे तिच्याच निकटच्या भावंड जातीचे होय. तेथे ज्या लाकडाच्या ढलप्या पिशवीत भरून विकल्या जातात, त्याच्या भावंडाला शिरूरच्या माळावर कोणी फुकटही न्यायला तयार नसतो. काट्यांमुळे ते तोडणे आणि वाहणे त्रासाचे असते, हे त्यामागील कारण. तिचा धूर उग्र असतो. थेट भाजताना ज्वाळा पूर्ण शमल्यावर, केवळ निखाऱ्यांवर मांस धरणे इष्ट.

सुबाभूळ १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या भागात पसरली. दौंड तालुक्याच्या सीमेलगत उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने चारा व जळण या दुहेरी उपयोगासाठी तिचा प्रसार केला. ती झपाट्याने वाढते, बांधावर येते आणि लवकर वाळते. निखारा मात्र बाभळीइतका टिकत नाही.

चिंचेचे लाकूड कठीण असून त्याचा कोळसा उत्कृष्ट होतो. ते फोडणे जिकिरीचे असते. आंब्याचे लाकूड हलके, त्याचा धूर सौम्य, पण ते लवकर जळून जाते. बोर आणि हिवर यांचा जाळ चांगला. कडुनिंबाचा धूर कडवट असतो. तो डास हाकलण्यास उपयोगी पडतो, पण मांस थेट भाजण्यासाठी कडुनिंब टाळावा. निलगिरीच्या ओल्या लाकडाला तेलाचा वास येतो. वड, पिंपळ आणि उंबर ही झाडे पूज्य मानली जात असल्यामुळे श्रद्धाळू घरांत ती चुलीत घालत नाहीत. चिंच, आंबा, जांभूळ यांसारखी झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने ती तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. वाऱ्याने पडलेल्या किंवा छाटलेल्या फांद्यांवरच बहुतेक घरांचे सरपण भागते.

तुराट्या, पऱ्हाट्या आणि ज्वारीची धसकटे यांचा जाळ झटकन भडकतो आणि तितक्याच लवकर विझतो. भाकरी टराटर फुगवण्यासाठी तो योग्य, मटणासाठी केवळ सुरुवातीच्या परतण्यापुरता. गोवरीची गोष्ट उलट आहे. ती धुमसत राहते आणि बराच वेळ मंद आच देते. हिवाळ्यातील हुरडा आगटीत गोवरीच्या निखाऱ्यांवरच भाजला जातो. मांस थेट तिच्यावर भाजणे योग्य नाही, कारण राख फार होते व ती मांसाला चिकटते.

कोणत्या झाडाचे लाकूड, या प्रश्नापेक्षा ते किती वाळले आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. चांगल्या जळणात ते वीस टक्क्यांहून कमी असावे. ओल्या लाकडातील उष्णता आधी त्यातील पाणी उकळण्यात खर्च होते, ज्वाळा थंड राहते आणि अर्धवट जळालेले वायू धूर होऊन बाहेर पडतात. चुलीपुढे फुंकणी घेऊन डोळे पुसत बसण्याची वेळ येते ती बहुधा झाडामुळे नव्हे, ओलीमुळे. वाळलेल्या फाट्याच्या टोकाला उभ्या भेगा दिसतात आणि दोन फाटी एकमेकांवर आपटली असता खणखणीत आवाज येतो. ओल्या फाट्यांचा आवाज बद्द येतो. मनगटाएवढ्या जाडीची, उन्हाळ्यात फोडून पडवीत रचलेली लाकडे पावसाळाभर पुरतात.

काही लाकडे मुळीच वापरू नयेत. कण्हेर विषारी आहे, तिच्या काडीला मांसाचे तुकडे टोचून भाजणे धोक्याचे आहे. शेर आणि निवडुंग यांचा चीकही घातक असतो. रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतीमुळे यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडे जळण म्हणून सहज मिळू लागले आहेत. रंग, कीटकनाशक किंवा डिंकासारखी चिकटद्रव्ये असलेले असे लाकूड जाळल्यास विषारी वायू निघतात. त्यावर पाणीसुद्धा तापवू नये, मग मांस भाजणे दूरच.

शिजवण्याची रीत

घरोघर तपशील बदलतात, गाभा मात्र समान आहे. पातेल्याच्या बुडाला बाहेरून राख-मातीचा पातळ लेप देतात, म्हणजे काजळी त्या लेपावर बसते आणि भांडे घासणे सोपे जाते. तेलात कांदा परतून त्यावर हळद, मीठ आणि आले-लसूण लावलेले मटण घालतात. ते स्वतःच्या अंगच्या पाण्यात शिजू देतात. पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओततात. या पाण्यामुळे झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंबांच्या रूपाने मटणावर पडते. झाकणातील पाणी तापले की तेच थोडे थोडे मटणात घालतात. थंड पाणी घातल्यास शिजणे थांबते आणि मांस चिवट राहते, असे जाणत्या बायका सांगतात. आधण मोडू नये, हा त्यातील व्यावहारिक अर्थ निश्चितच बरोबर आहे.

मसाला घालण्यापूर्वी काढलेल्या सुपाला अळणी म्हणतात. नावाप्रमाणे ते अगदी बिनमिठाचे नसते. तिखट नसलेले हे सूप लहान मुले, आजारी माणसे आणि बाळंतिणी यांना देतात. उरलेल्या मटणात वाटण जाते. वाटणासाठी अख्खे कांदे सालीसकट निखाऱ्यात पुरतात आणि सुक्या खोबऱ्याची वाटी जाळावर धरून तिच्या कडा काळसर होईपर्यंत भाजतात. मग हे सर्व लसूण, कोथिंबीर आणि काळ्या मसाल्यासह पाट्यावर वाटतात. रस्सा उकळून वर तेलाचा तवंग आला की जाळ ओढून घेतात आणि निखाऱ्यांवर पातेले तसेच राहू देतात. सोबत बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा.

चव कशामुळे येते

मटणातील चिवट भाग कोलॅजन या प्रथिनाचा बनलेला असतो. ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दीर्घकाळ ठेवल्यास त्याचे जिलेटिनमध्ये रूपांतर होते, मांस मऊ होते आणि रश्शाला चिकट दाटपणा येतो. पातेल्यात ही क्रिया सव्वा ते दोन तास चालते. दरम्यान वाफ निसटत राहून रस्सा आटतो आणि त्याची चव एकवटते. प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, मांस वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, पण पाणी आटत नाही. म्हणजे ‘गॅसवरचे आणि चुलीवरचे’ अशी जी तुलना नेहमी केली जाते, ती प्रत्यक्षात कुकर आणि पातेले यांची तुलना असते. गॅसच्या शेगडीवर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर दोन तास मटण ठेवण्याइतका धीर सहसा कोणी धरत नाही, इतकेच.

दुसरे कारण वाटण. निखाऱ्यात भाजलेल्या कांद्याची साल जळते, आतील साखर तपकिरी होते आणि धुराचा गंध थेट कांद्यात व खोबऱ्याच्या तेलात उतरतो. लाकडातील लिग्निन हा घटक तापून फुटतो तेव्हा ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही गंधद्रव्ये तयार होतात. धुरकट वास मुख्यतः त्यांचाच. ही द्रव्ये स्निग्ध पदार्थांत सहज मुरतात. झाकलेल्या पातेल्यात मात्र धूर शिरायला वाट जवळजवळ नसते. बाहेर काजळीचा थर जमला, तरी आतला रस्सा त्यापासून सुरक्षित असतो. झाकण काढून ढवळताना थोडा धूर लागतो, तेवढाच.

याचा पडताळा कोणालाही घेता येईल. एकाच बोकडाच्या मांसाचे दोन वाटे करावेत. दोहोंचे वाटण निखाऱ्यावर भाजावे. एक वाटा चुलीवर आणि दुसरा गॅसवर, सारख्याच पातेल्यात आणि सारख्याच वेळात शिजवावा. फरक उरतो, पण चुलीच्या कौतुकावरून वाटावा त्यापेक्षा तो कितीतरी कमी असतो. उलट, वाटण गॅसवर तव्यात परतले आणि मटण चुलीवर शिजवले, तर चुलीची म्हणून ओळखली जाणारी चव फारशी येत नाही.

थेट विस्तवावर भाजणे

लाकडाच्या जातीचा आणि धुराचा खरा परिणाम दिसतो तो येथे. बोकडाची मुंडी आणि पाय यांवरील केस जाळावर धरून जाळतात, मग सुरीने खरवडून धुतात. हे काम कष्टाचे असून त्यासाठी भडकती ज्वाळा लागते. पायाच्या सुपाला जो खमंग धुरकट वास असतो, तो या भाजण्यातून आलेला असतो. कलेजीचे तुकडे मीठ-मिरची लावून निखाऱ्यावर भाजतात. मटण कापणे चालू असतानाच पोरांच्या हातावर ठेवला जाणारा हा पहिला वाटा. सुके बोंबील आणि भीमेच्या पाण्यातील मासेही असेच भाजले जातात.

येथे एक पथ्य पाळावे. चरबी ज्वाळेवर ठिबकली की तिच्या धुरातून बेंझोपायरिनसारखी कर्करोगकारक संयुगे तयार होऊन मांसावर बसतात. ज्वाळा शमून निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्यावरच मांस ठेवावे, ते विस्तवापासून वीतभर उंच धरावे आणि कोळसा झालेला भाग काढून टाकावा.

धुरावणे

युरोप-अमेरिकेत किंवा ईशान्य भारतात मांस तासन्‌तास, कधी अनेक दिवस धुरात टांगून ठेवण्याची परंपरा आहे. गोव्यातील चोरीस या डुकराच्या मांसाच्या सॉसेजलाही वाळवताना धूर दिला जातो. शिरूर-दौंड भागात अशी परंपरा रुजली नाही. त्याचे एक कारण हवामानात आहे. जेथे महिनोन्‌महिने कडक ऊन पडते, तेथे मांस टिकवण्यासाठी धुराची गरज भासत नाही, ऊन पुरते. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवलेल्या चान्या हा महाराष्ट्रातील दलित समाजाच्या आहाराचा भाग होता. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ मधील पुस्तकात मराठवाड्यातील या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद केली आहे. ज्यांच्या वाट्याला मांस क्वचित आणि एकदम येत असे, त्यांनाच ते टिकवण्याचे शास्त्र शिकावे लागले, ही बाब पाककृतींच्या पुस्तकांतून सहसा सुटते. चुलीवरच्या धुराचा टिकाऊपणासाठी उपयोग येथेही होता, परंतु तो बियाण्यासाठी. मक्याची कणसे चुलीच्या वर टांगली की कीड लागत नसे.

धुराचा वास हवा असल्यास घरगुती उपाय म्हणजे धुंगार. शिजलेल्या सुक्या मटणाच्या मध्यभागी वाटी किंवा कांद्याची पाकळी ठेवावी, तीत बाभळीचा फुललेला निखारा घालावा, वर चमचाभर तूप सोडावे आणि लगेच झाकण लावावे. पाच मिनिटे पुरतात. अधिक वेळ ठेवल्यास कडवटपणा येतो.

अलीकडे शेतघरांवर लोखंडी पिंपाचा धूरपेटारा करण्याची हौस वाढली आहे. तळाशी निखारे, मध्ये जाळी आणि वर झाकण, अशी त्याची रचना. आतील तापमान ११० ते १२० अंश राखून मांस काही तासांत शिजवले तर ही पद्धत निर्धोक आहे. कोंबडीच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत पोहोचले पाहिजे. न शिजवता केवळ कोमट धुरात मांस ठेवण्याचा प्रयोग मात्र आपल्याकडे करू नये. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि उन्हाळ्यात दौंडची हवाच चाळिशीला टेकते. पिंप निवडतानाही सावधगिरी हवी. कुरकुंभ येथे रासायनिक उद्योगांची वसाहत असल्यामुळे वापरलेली पिंपे स्वस्तात मिळू शकतात. ज्या पिंपात पूर्वी काय होते हे खात्रीने माहीत नाही, ते स्वयंपाकासाठी वापरू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळीही विस्तवाजवळ नको.

धूर आणि आरोग्य

लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. दीर्घकालीन श्वसनरोध (सी.ओ.पी.डी.) हा आजार धूम्रपानाशी जोडला जातो, पण कधीही विडीला स्पर्श न केलेल्या ग्रामीण स्त्रियांतही तो आढळतो आणि त्याचे एक प्रमुख कारण चुलीचा धूर हे आहे. मोतीबिंदू आणि लहान मुलांतील न्यूमोनिया यांच्याशीही या धुराचा संबंध आहे. घरातील लाकडाच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुराच्या प्रदूषणामुळे जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य कार्यक्रम चालतो. परिसरातील गावांच्या लोकसंख्येची आरोग्यविषयक नोंद तेथे २००२ पासून ठेवली जात असून श्वसनविकारांचा अभ्यासही या नोंदींच्या आधारे होतो.

चूल सुधारण्याचे प्रयत्न जुने आहेत. केंद्र शासनाचा निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. अनेक गावांत धुराडी बसली, परंतु ती साफ न केल्यामुळे तुंबली आणि चुली पुन्हा पहिल्यासारख्या धुमसू लागल्या. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या आरती (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या पुण्याच्या संस्थेने सुधारित चुलींवर काम केले, तसेच शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली. त्या कामाला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. दौंडसारख्या ऊसपट्ट्यात या कोळशाला मोठा वाव आहे. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहा ते पंधरा टक्के भाग भांड्याला लागतो. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१३ च्या मानकानुसार पंखा नसलेल्या सुधारित चुलीत हे प्रमाण किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीत ३५ टक्के असावे लागते. अशा चुलीत लाकूड निम्मे लागते आणि धूर बराच कमी होतो. मटणाला काहीही कमी पडत नाही.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसजोडण्या खेडोपाडी पोहोचल्या. रोजचा स्वयंपाक गॅसवर आणि मटण अंगणातील चुलीवर, ही आजची सर्वसाधारण विभागणी आरोग्याच्या दृष्टीने वाईट नाही. उघड्यावर धूर साचत नाही आणि चूल आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पेटते. धोका आहे तो रोज, बंद स्वयंपाकघरात, ओल्या सरपणावर भाकऱ्या थापणाऱ्यांना. सिलिंडर भरून आणण्याइतके पैसे नसलेल्या घरांत हे चित्र अद्याप बदललेले नाही.

हॉटेले

पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर या दोन्ही महामार्गांवर ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या ओळीने दिसतात. काही ठिकाणी दर्शनी भागात मातीच्या चुली मांडून बायका भाकऱ्या थापताना दिसतात, तर काही ठिकाणी चूल पाटीपुरती आणि शिजवणे गॅसच्या भट्टीवर असते. रश्शाच्या चवीवरून हा फरक ओळखणे अवघड आहे, कारण वर म्हटल्याप्रमाणे चव भाजलेल्या वाटणात आणि वेळात असते. भाकरीवरून मात्र तो ओळखता येतो. चुलीवरची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढे उभी करून फुगवतात. तिच्या पापुद्र्यावर एका बाजूने करपट ठिपके असतात आणि कडेला थोडी राख लागलेली असते. जेथे दर्शनी भागात चुली मांडल्या आहेत, तेथे त्यांवर धुराडे किंवा पुरेसे उघडे छप्पर आहे की नाही, हेही ग्राहकाला सहज दिसते. तेथे भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा दिवस आठ-दहा तासांचा असतो.